चित्रफितीला परवानगी नको, अर्जाला हवी!

समजा, तुम्हाला फक्त दोन मिनिटे दिली आहेत. एवढ्या वेळात पृथ्वीविज्ञानातला एखादा विषय तुमच्याहून लहान मुलांना समजेल अशा रीतीने चित्रफितीतून सांगायचा आहे. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने २०१० नंतरच्या दशकात १३ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा घेतली होती. २०१४ साली तर खुद्द अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, विद्यार्थ्यांनी केलेल्या लघुचित्रपटांचा महोत्सव भरला. विषय होता वर्गातले तंत्रज्ञान, मर्यादा तीन मिनिटांची. अडीच हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या.

अशा स्पर्धेत दोन गोष्टी पाठवाव्या लागतात. एक चित्रफीत आणि दुसरी तिच्यासोबतचा अर्ज. चित्रफीत करायला आठवडे लागतात, अर्ज पंधरा-वीस मिनिटांत भरून होतो. सरकारी खाते या दोहोंपैकी कशाची जास्त काळजी करत असेल, असे तुम्हाला वाटते? तुम्ही म्हणाल, चित्रफितीची. तिच्यात कोण काय दाखवील याचा नेम नाही. अर्ज बिचारा साधा, चार रकान्यांचा.

अमेरिकेच्या कायद्याचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. तेथे केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याने ‘चित्रफिती पाठवा हो’ असे जाहीर आवाहन करायचे ठरवले, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पण त्याच स्पर्धेच्या अर्जात ‘तुमचे वय किती? मुलगा की मुलगी? वंश कोणता? ही स्पर्धा तुम्हाला कोठून कळली?’ असे रकाने घातले, की खात्याने आधी त्या अर्जासाठीच अर्ज करायचा! तो देशाच्या राजपत्रात छापून जनतेपुढे ठेवायचा, हरकती मागवायच्या, मंजुरी मिळवायची आणि मग तो विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा.

हा उलटा न्याय कोठून आला? आणि त्यात काही शहाणपण आहे, की ही नुसती कचेरीची खोड आहे?

कागद कमी करण्याचा कायदा

गोष्ट दुसऱ्या महायुद्धापासून सुरू होते. युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारची खाती वाढली आणि प्रत्येक खाते लोकांकडून माहिती मागू लागले. छोट्या दुकानदाराला एकाच गोष्टीची माहिती चार खात्यांना चार नमुन्यांत भरून द्यावी लागे. तक्रारी वाढल्या, तेव्हा १९४२ साली सरकारी प्रश्नपत्रिकांवर नजर ठेवणारा पहिला कायदा झाला. पुढे खाती आणखी वाढली, नमुने आणखी वाढले. १९७० नंतर तर केवळ ‘सरकारी कागदपत्रे’ या एकाच विषयावर चौकशी आयोग नेमावा लागला. त्याने १९७७ मध्ये अहवाल दिला आणि डिसेंबर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याचे नाव ‘पेपरवर्क रिडक्शन अॅक्ट’, आपण त्याला कागदपत्र-कपात कायदा म्हणू. १९९५ मध्ये त्यात सुधारणा झाल्या आणि तो आजही चालू आहे.

या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याला वर्षभरात दहा किंवा अधिक व्यक्तींना ठरावीक साच्यातले प्रश्न विचारायचे असतील, तर त्याने व्यवस्थापन आणि अंदाजपत्रक कार्यालयाची आगाऊ मंजुरी घेतली पाहिजे. उत्तर देणे सक्तीचे असो की ऐच्छिक, फरक पडत नाही. नऊ जणांना विचारा, कोणी अडवणार नाही. दहावा आला, की मंजुरी हवी.

मंजुरी मिळाली, की त्या अर्जाला एक क्रमांक मिळतो. चार अंक, मध्ये आडवी रेघ, पुन्हा चार अंक. पहिल्या चार अंकांवरून खाते किंवा संस्था ओळखता येते. २७०० म्हणजे नासा, ०९२५ म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्य संस्था. हा क्रमांक आणि मंजुरीची अखेरची तारीख अर्जावर छापावी लागते. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद अशी, की वैध क्रमांक नसलेला सरकारी अर्ज भरून दिला नाही, म्हणून कोणालाही शिक्षा करता येत नाही.

राजपत्रातले गणित

आता आपली चित्रफीत स्पर्धा घ्या. खाते अर्जाचा मसुदा तयार करते आणि ‘फेडरल रजिस्टर’ या राजपत्रात त्याची सूचना देते. हे राजपत्र १९३६ पासून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी निघते. सूचना निघाल्यापासून ६० दिवस कोणीही, अगदी एखादा विद्यार्थीसुद्धा, आपले म्हणणे लेखी कळवू शकतो. नंतर खाते आलेल्या सूचनांचा विचार करून मसुदा अंदाजपत्रक कार्यालयाकडे पाठवते आणि जनतेला आणखी ३० दिवस देते.

लोकांना काय विचारलेले असते? ही माहिती खात्याच्या कामासाठी खरोखरच आवश्यक आहे काय आणि तिचा व्यवहारात काही उपयोग होणार आहे काय? अर्ज भरायला लागणाऱ्या वेळाचा खात्याने केलेला अंदाज बरोबर आहे काय? प्रश्न अधिक स्पष्ट कसे करता येतील आणि लोकांचा त्रास कमी कसा होईल?

यातला वेळाचा अंदाज गमतीचा आहे. तो कसा करतात ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, स्पर्धेत ६०० विद्यार्थी भाग घेतील. अर्ज भरायला प्रत्येकाला २० मिनिटे, पालकांना संमतिपत्र वाचून सही करायला १० मिनिटे आणि शिक्षकांना तपासायला ५ मिनिटे. एकूण ३५ मिनिटे. ३५ ला ६०० ने गुणा : २१,००० मिनिटे, म्हणजे ३५० तास. हा झाला त्या अर्जाचा ‘बोजा’. सूचनेत हा आकडा स्पष्ट छापावा लागतो.

आता खात्यातल्या कोणाला तरी वाटले, की ‘तुमचे छंद’ असा एक रकाना घालावा. तो भरायला एकच मिनिट लागते. पण ६०० मिनिटे म्हणजे १० तास. एका अधिकाऱ्याच्या कुतूहलासाठी इतरांचे १० तास! हिशेब असा मांडला, की ‘असू द्या एक रकाना, काय बिघडते?’ हे म्हणणे अवघड जाते. शिक्षकमित्रांनी हे उदाहरण गुणाकाराच्या तासाला अवश्य घ्यावे.

आणि हा बोजा काही लहानसहान नाही. २०१५ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारला माहिती देण्यात जनतेचे एकूण सुमारे ९८० कोटी तास खर्च झाले, असा सरकारचाच अंदाज होता. त्या वेळी देशाची लोकसंख्या सुमारे ३२ कोटी होती. भागाकार केला तर माणशी तीस तास येतात, तान्ह्या बाळांसकट! यातला फार मोठा वाटा अर्थातच कर गोळा करणाऱ्या खात्याचा.

चित्रफीत सुटली कशी?

कायदा झाला तेव्हा अशा स्पर्धांची कल्पनाही कोणी केली नव्हती. घरोघर कॅमेरे आले, दूरध्वनीतच चित्रीकरण होऊ लागले आणि सरकारी खाती लोकांना ‘कल्पना पाठवा, चित्रफिती पाठवा’ असे आवाहन करू लागली. यालाही मंजुरी घ्यायची काय, असा गोंधळ उडाला. एप्रिल २०१० मध्ये अंदाजपत्रक कार्यालयाने एक परिपत्रक काढून तो मिटवला. त्यावर कॅस सनस्टाइन या कायदेपंडितांची सही होती.

परिपत्रकाचा विचार साधा आहे. निबंध, छायाचित्र किंवा चित्रफीत मागवणे हे मोकळे आवाहन झाले. ज्याला जे सुचेल ते तो पाठवील. प्रत्येकाचे उत्तर वेगळे, म्हणून त्यांची बेरीज करता येत नाही, कोष्टक मांडता येत नाही. स्पर्धकाशी संपर्क साधता यावा म्हणून नाव आणि पत्ता मागितला, तरी चालेल. पण त्यापलीकडे जाऊन वय, लिंग, वंश यांसारखी माहिती विचारली किंवा सर्वांना एकाच साच्यातले प्रश्न घातले, की ती ‘माहिती गोळा करणे’ झाली. तेथे मंजुरी हवी.

म्हणजे रेघ कोठे ओढली ते पाहा. तुमची कल्पना एका बाजूला आणि तुमच्याविषयीची माहिती दुसऱ्या बाजूला.

तुम्ही म्हणाल, ‘पण वय आणि गाव सांगितल्याने काय होते? नाव तर सांगितले नाही ना?’ येथे कायदा बाजूला ठेवून थोडे गणित करू.

जन्मतारीख : एक किल्ली

१९९० नंतरची गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकर आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या गेल्या. त्यांतून नावे आणि पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कोणाचीही ओळख पटणार नाही, अशी सर्वांची खात्री होती. लटान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी तेव्हा एम. आय. टी. या विख्यात संस्थेत संगणकशास्त्राचे संशोधन करत होती. तिने २० डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. यादीत सुमारे ५४ हजार नावे होती आणि प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा संकेतांक होता. आजारपणाच्या नोंदींतही नेमक्या याच तीन गोष्टी शिल्लक होत्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजमध्ये राहत. त्यांच्याच जन्मतारखेचे लोक यादीत सहा निघाले. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या टपाल संकेतांकात राहणारा एक, स्वतः गव्हर्नर! नाव पुसलेल्या कागदांतून त्यांचे आजारपण तिने असे शोधून काढले.

पुढे २००० साली स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल संकेतांक एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसे एकमेव ठरतात, असे उत्तर आले. २००६ मध्ये फिलिप गोल या संशोधकाने २००० च्या जनगणनेवरून हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा ६३ टक्के आला. कोणताही आकडा घ्या, निम्म्याहून अधिक लोक ओळखले जातात.

असे का होते? एखाद्या शाळेत १,००० मुले-मुली आहेत आणि त्यांची वये सहा वर्षांच्या पट्ट्यात आहेत, असे धरा. सहा वर्षांत ६ × ३६५ = २,१९० तारखा येतात. प्रत्येक तारखेचा एक खण अशा २,१९० खणांचे कपाट डोळ्यांपुढे आणा. हजार चिठ्ठ्या त्यात कशाही टाकल्या, तर निम्म्याहून जास्त खण रिकामेच राहतील आणि बहुतेक भरलेल्या खणांत एकच चिठ्ठी असेल. एखादी चिठ्ठी आपल्या खणात एकटी असण्याची शक्यता किती? उरलेल्या ९९९ चिठ्ठ्यांपैकी प्रत्येकीने तो खण चुकवला पाहिजे, म्हणजे २१८९/२१९० हा अपूर्णांक स्वतःशी ९९९ वेळा गुणायचा. उत्तर सुमारे ०.६३. हजारांतली ६३० मुले नुसत्या जन्मतारखेवरून ओळखता येतात. मुलगा की मुलगी एवढे आणखी सांगितले, की खण दुप्पट होतात आणि शक्यता ०.८० वर जाते. हजारांत आठशे! (वरच्या ६३ टक्क्यांशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोगाने, बरे का.)

आपल्या पिनकोडचे काय? १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्यांच्या कल्पनेतून आली. देशात आज १९ हजारांहून अधिक पिनकोड आहेत. लोकसंख्या १४० कोटी धरली, तर एका पिनकोडात सरासरी सुमारे ७३ हजार माणसे येतात. आता ८० वर्षांच्या तारखा आणि दोन लिंगे यांचे खण मोजा : ८० × ३६५ × २ = ५८,४००. एका खणात सरासरी सव्वा माणूस! आपले पिनकोड अमेरिकेतल्या संकेतांकांपेक्षा दाट वस्तीचे, तरीही जन्मतारीख आपल्याला फारसे लपू देत नाही.

याला महाराष्ट्रात एक मजेदार अपवाद आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या पुष्कळांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणालाच ठाऊक नसे, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून मोकळे होत. त्या एका खणात एवढी गर्दी झाली आहे, की तेथे कोणालाही सहज लपता यावे. गुरुजींच्या ध्यानीमनी नसताना त्यांनी ही व्यवस्था करून ठेवली!

एकासाठी घेतलेले, दुसऱ्यासाठी वापरलेले

ओळख पटली तर पटली, चोरी थोडीच केली आहे, असेही कोणी म्हणेल. पण माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरली जाईल, याचा भरवसा नसतो.

कागदपत्रांवर नजर ठेवणारा पहिला कायदा अमेरिकेत १९४२ मध्ये झाला, हे वर आले आहे. त्याच वर्षी तेथे दुसरीही एक गोष्ट घडली. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, शाळकरी मुलेही होती. हे लोक कोठे किती राहतात याची कोष्टके १९४० च्या जनगणनेवरून तयार करून देण्यात आली होती. जनगणनेची माहिती गुप्त राहील, असे लोकांना सांगितलेले होते. मार्च १९४२ मध्ये युद्धकालीन कायद्याने ती गुप्तता शिथिल झाली. १९४३ मध्ये तर राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातल्या जपानी वंशाच्या लोकांची नावे आणि पत्तेही जनगणना खात्याने दुसऱ्या खात्याला पुरवले. हे २००७ साली मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्ट्झर या संशोधकांनी कागदपत्रांतून उजेडात आणले. म्हणजे साठाहून अधिक वर्षांनी.

चित्रफीत स्पर्धेच्या अर्जाची जनगणनेशी तुलना करणे जरा मोठे वाटेल. पण ‘वंश’ हा रकाना दोन्हींकडे असू शकतो आणि तो भरणाऱ्याला पुढे काय होणार हे दोन्हीकडे ठाऊक नसते.

म्हणूनच अमेरिकेत आणखी काही कायदे आले. १९७४ च्या खासगी माहितीविषयीच्या कायद्याने खात्यांना बंधन घातले, की नावानिशी जपून ठेवायची माहिती मागताना ती कोणत्या अधिकाराने मागतो, कशासाठी मागतो, पुढे कोणाला देऊ शकतो आणि ती देणे सक्तीचे आहे की नाही, न दिल्यास काय होईल, हे सगळे अर्जावरच लिहावे. १९९८ मध्ये मुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. संगणकाच्या जाळ्यावरून १३ वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची, तर पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी. मुळात हा कायदा व्यापारी संस्थांसाठी होता. जून २००० मध्ये सरकारी संकेतस्थळांनाही तेच नियम पाळण्यास सांगितले गेले. अमेरिकेतल्या कितीतरी स्पर्धांत वयाची खालची मर्यादा नेमकी १३ का असते, याचा उलगडा आता तुम्हाला झाला असेल.

सारेच आलबेल आहे काय?

नाही. या मंजुरीला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. शाळेचे वर्ष तेवढेच असते! शिक्षकाच्या मनात जूनमध्ये आलेली स्पर्धा मुलांपर्यंत पोहोचेतो मुले पुढच्या वर्गात गेलेली असतात. काही ठरावीक प्रकारच्या अर्जांसाठी जलद वाट काढलेली आहे, पण ती सगळ्यांना उपयोगी पडत नाही. मंजुरी टाळण्यासाठी उपयोगाचे प्रश्नही गाळले जातात. स्पर्धेत गावातली मुले येतात की फक्त शहरातली, मुलींचे प्रमाण किती, हे समजले नाही तर पुढच्या वर्षी सुधारणा कशी करणार? आणि राजपत्रातली सूचना वाचतो कोण? ‘एकही हरकत आली नाही’ असा शेरा पुढच्या सूचनेत नेहमी आढळतो. साठ दिवस दार उघडे ठेवायचे, पण त्या गल्लीत कोणी फिरकतच नाही, असा हा प्रकार आहे.

माझ्या मते याहून मोठी उणीव दुसरी आहे. कायदा लोकांचा वेळ मोजतो, धोका मोजत नाही. ‘तुमचे छंद’ आणि ‘तुमची जन्मतारीख’ या दोन रकान्यांना एकेकच मिनिट लागते, म्हणून त्यांचा बोजा सारखाच! गणित आपण वर केले आहे. दोन्ही रकाने सारखे नाहीत.

आणि २०१० मध्ये निरुपद्रवी म्हणून सुटलेली चित्रफीत आता तितकी निरुपद्रवी राहिली आहे काय? तिच्यात तुमचा चेहरा असतो, आवाज असतो. गणवेशाच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह असते. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसते. दूरध्वनीवर ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल, तर चित्रीकरण कोणत्या अक्षांश-रेखांशावर झाले हेसुद्धा फितीच्या पोटात लिहिलेले असते. चेहऱ्यावरून माणूस ओळखणारी संगणक-पद्धती आज सर्रास वापरात आहे. अर्जातल्या रकान्यांवर पहारा बसवला, पण रकाने नसलेली माहिती शेजारच्या दारातून निघून गेली, असे व्हायला वेळ लागणार नाही.

आपल्याकडे प्रत्येक सरकारी अर्जाला असा मंजुरी क्रमांक देण्याची पद्धत नाही. मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये संगणकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. अमेरिकेतल्यासारखी तेराव्या वर्षी सुटका नाही. म्हणजे दहावीतलाच काय, बहुतेक बारावीतला विद्यार्थीही मूलच, आणि त्याची माहिती हाताळण्यासाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळलेली संमती लागणार. काही बाबतींत शासनाला आणि शिक्षणसंस्थांना सवलती आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे.

करून पाहा

तुमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा किंवा एखाद्या स्पर्धेचा कोरा अर्ज असेल, तो शिक्षकांकडून मागून घ्या. पाच-सहा जणांचा गट करा. प्रत्येक रकान्यापुढे दोन आकडे लिहा. भरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा आणि त्याला स्पर्धकांच्या अंदाजे संख्येने गुणा. दुसरा आकडा म्हणजे त्या रकान्यामुळे कपाटाचे खण किती पटींनी वाढतात तो. ‘मुलगा/मुलगी’ने दुप्पट. ‘इयत्ता’ने सहा वर्गांच्या शाळेत सहापट. ‘जन्मतारीख’ एकटीच २,१९० पट. ‘रक्तगट’ नेहमीच्या वर्गवारीने आठपट, आणि चित्रफीत स्पर्धेला रक्तगट कशासाठी हवा, हे अर्ज तयार करणाऱ्यांना अदबीने विचारायला हरकत नाही!

मग तोच अर्ज नव्याने लिहा. स्पर्धा १३ ते १८ वयाची असेल, तर संयोजकांना तुमची जन्मतारीख खरोखर लागते काय? ‘१ जुलै रोजी वय १३ ते १८ च्या दरम्यान आहे काय? होय/नाही’ एवढा प्रश्न पुरतो. त्यावर मुख्याध्यापकांची सही घेतली की पडताळणीही झाली. या रकान्याला दोनच खण. सगळे पात्र स्पर्धक एका खणात, सहाशेच्या सहाशे.